विधेयकातला एक शब्द

कायदा कसा तयार होतो हे शिकवताना आपण बहुधा फळ्यावर लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपती अशी बाणांची आकृती काढतो. आकृती मुलांना पाठ होते; परंतु त्या बाणांच्या मध्ये काय घडते हे सांगायचे राहून जाते, आणि माझ्या मते शिकवण्यासारखे खरे तेच आहे.

म्हणून यंदा सातवीच्या वर्गाला मी स्वतःचे विधेयक लिहायला सांगितले. ‘खेळाच्या तासाला दुसरा विषय शिकवता येणार नाही’, हे त्यातले एकमेव कलम. विधेयक मांडणे, म्हणजेच पहिले वाचन, दोन मिनिटांत आटोपले. दुसऱ्या वाचनात संसद एकेक कलम विचारार्थ घेते आणि सदस्य त्यावर दुरुस्त्या सुचवतात. तिथे पोहोचताच एका मुलीने पावसाचा प्रश्न काढला व ‘मैदानावर खेळणे शक्य असल्यास’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. त्यावर मागच्या बाकावरून आक्षेप आला, की शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण? उरलेला तास या एका शब्दावर गेला, आणि तो मी जाऊ दिला. कायद्याच्या सुरुवातीला व्याख्यांचे कलम का असते, हे मग वेगळे समजावावे लागले नाही.

त्यानंतर आम्ही शिक्षण हक्काचा कायदा हाती घेतला. त्याचे विधेयक डिसेंबर 2008 मध्ये प्रथम राज्यसभेत मांडले गेले, याचे मुलांना नवल वाटले. धन विधेयक, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा बाबींचे विधेयक, मात्र लोकसभेतच मांडावे लागते. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट 2009 पर्यंत मिळाली, तरी कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करणारे कलम 17 मी मोठ्याने वाचले. ते आपल्याविषयी आहे हे लक्षात आल्यावर एका मुलाने ते पुन्हा वाचायला लावले.

आमचे विधेयक दुसरे सभागृह म्हणून शेजारच्या तुकडीकडे पाठवले होते. ‘परीक्षेचा आठवडा वगळून’ ही दुरुस्ती लावून त्यांनी ते परत पाठवले आहे. ती स्वीकारावी की नाही, यावर सोमवारी मतदान आहे.