एल बोर्ड काढल्यानंतरचे सहा तास

ब्रिटनमध्ये राहायला आलं की आपलं भारतीय लायसन्स बारा महिने चालतं. त्यानंतर पुन्हा श्रीगणेशा: आधी प्रोव्हिजनल लायसन्स, मग थिअरी (50 पैकी 43 प्रश्न बरोबर यावे लागतात) आणि शेवटी प्रॅक्टिकल. अकरा वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला गाडीवर लाल 'एल' लावून फिरताना काय वाटतं, ते मागे एकदा लिहिलंच आहे. तर ती टेस्ट अखेर झाली. सहा मायनर चुका निघाल्या. पंधरापर्यंत चालतात, गंभीर मात्र एकही चालत नाही. बाईंनी एल बोर्ड काढून डिकीत टाकले आणि घरी येताना गाडी त्यांनीच चालवली, कारण माझे हात थरथरत होते.

बाई म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगच्या शिक्षिका, साठीच्या आसपासच्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही तोंडावर तशीच मारते. पण मनात त्या बाईच.

लायसन्स मिळाल्यावर पहिले तीन आठवडे मी शाळा आणि दुकान या पलीकडे गेले नाही. एकदा मैत्रिणीकडे जायचं होतं. मोटरवेने, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेने, पंचवीस मिनिटं लागतात, मी आतल्या रस्त्यांनी पन्नास मिनिटांत पोचले आणि 'या बाजूने झाडं किती छान दिसतात ना' असं म्हणाले. नवरा काहीच बोलला नाही. तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला.

त्यांनी 'पास प्लस' सुचवलं. टेस्ट पास झालेल्यांसाठी 1995 पासून सुरू असलेला हा कोर्स कमीत कमी सहा तासांचा असतो आणि शेवटी परीक्षा नसते. शहर, हवामान, गावाकडचे रस्ते, रात्र, ड्युअल कॅरेजवे (मधे दुभाजक असलेला रस्ता) आणि मोटरवे असे त्याचे सहा भाग. काही विमा कंपन्या त्यावर सवलत देतात. आमच्या कंपनीने दिली नाही. पण मला परीक्षा नसण्याचंच आकर्षण होतं. टेस्टसाठी मी आरशात बघत होते ते परीक्षकाला दिसावं म्हणून, मान जरा जास्तच वळवून. आरशात काय दिसलं असं कोणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

मोटरवे टेस्टमध्ये येतच नाही. 2018 पासून शिकाऊ माणसालाही शिक्षकाबरोबर, दोन्हीकडे ब्रेक असलेल्या गाडीतून मोटरवेवर जाता येतं, पण सक्ती नाही, आणि मी ते शिताफीने टाळलं होतं. आता एम-वन या मोटरवेवर चढायचं होतं. स्लिप रोडवर, म्हणजे मोटरवेवर चढवणाऱ्या जोडरस्त्यावर, माझा वेग ताशी चाळीस मैल. उजव्या आरशात एकामागे एक लॉऱ्या, ताशी छप्पन्न मैलांच्या आसपास धावणाऱ्या. माझा पाय सवयीने ब्रेककडे गेला.

"इथे थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "हा रस्ता वेग वाढवण्यासाठीच दिलाय. तिसरा गिअर. आणि तुम्ही बघताय कुठे?"

"लॉरीकडे."

"लॉरीकडे नको. दोन लॉऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघा."

इंजिन घोंघावलं, मी मानेने एकदा खांद्यामागे बघून घेतलं, आणि ती मोकळी जागा आपोआप माझ्या शेजारी येऊन थांबल्यासारखी वाटली. मी आत शिरले. अर्धा मैल झाल्यावर लक्षात आलं की मी श्वास रोखून धरलाय. त्यानंतरचं सोपं होतं. रिकामी असेल तेव्हा डावी लेन, ओव्हरटेक झालं की परत डावीकडे. उगाच मधल्या लेनमध्ये ठाण मांडलं तर शंभर पौंड दंड आणि लायसन्सवर शिक्षेचे तीन पॉइंट होऊ शकतात. नव्या ड्रायव्हरचे पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि पुन्हा थिअरीपासून सुरुवात, त्यामुळे मी डावीकडेच निमूट असते.

बाईंचं आवडतं साधन म्हणजे पूल. पुढची गाडी पुलाच्या सावलीतून गेली की मोजायला लागायचं, आपण तिथे पोचेपर्यंत दोन सेकंद व्हायला हवेत. मी 'एकशे एक, एकशे दोन' असं मराठीत मोजते. सत्तर मैलांच्या वेगाला गाडी पूर्ण थांबायला 96 मीटर लागतात, त्यातले 21 तर पाय ब्रेकवर पोचण्याआधीच गेलेले असतात. हा आकडा थिअरीसाठी पाठ केला होता. तो किती लांब असतो, ते त्या दिवशी पुलाखाली कळलं.

मोटरवेपेक्षा अवघड निघाला तो गावाकडचा रस्ता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं, मध्ये एका गाडीपुरती वाट, आणि सुरुवातीला पांढऱ्या गोलात काळा तिरपा पट्टा, म्हणजे मर्यादा साठ मैल! मी पस्तीसने जात होते आणि कोणी मागे असेल तर वैतागेल म्हणून ओशाळत होते. बाई म्हणाल्या, "पाटीवर जास्तीत जास्त किती ते लिहिलंय, किती हवं ते नाही. जेवढं पुढचं दिसतंय, तेवढ्यात थांबता येईल का?" आणि अशा वाटेवर तर समोरचाही आपल्याकडेच येणार, म्हणजे दिसतंय त्याच्या अर्ध्यात. मी पंचवीसवर आले. पुढच्याच वळणावर ट्रॅक्टर होता.

त्याच्यामागे ट्रेलर, म्हणजे मागे मीच जाणार. टेस्टमध्ये रिव्हर्स घ्यायला लावतात तो दोन गाड्यांच्या लांबीइतका. इथे मागची रुंद जागा साठेक मीटरवर असेल. गाडी नागमोडी गेली, डावा आरसा फांद्यांना घासला, एकदा बंदही पडली. ट्रॅक्टरवाला इंजिन चालू ठेवून शांत बसला होता, ना हॉर्न ना हातवारे. शेवटी मी बाजूला झाल्यावर पुढे जाताना त्याने स्टिअरिंगवरून फक्त एक बोट उचललं. बाईंनी सांगितलं, हे 'थँक यू'.

आणि हेडलाइटचं. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की 'मी येतोय, थांब'. इथे बरेच जण 'तू जा' या अर्थी मारतात. हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतूक नियमांचं अधिकृत पुस्तक, मात्र म्हणतं की त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच. मी आणि समोरचा, दोघं एकदा अरुंद पुलापाशी एकमेकांसाठी बराच वेळ थांबून राहिलो होतो.

रात्रीचा भाग छान झाला. हवामानाचा भाग मात्र गाडीत बसून तोंडीच उरकावा लागला. इंग्लंडमध्ये, नोव्हेंबरात, नेमका माझ्या तासाला पाऊस पडला नाही.

तो मागच्या गुरुवारी पडला, मी एकटी मोटरवेवर असताना. पुढच्या लॉरीने उडवलेल्या पाण्यात तिचे मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. ओल्या रस्त्यावर दोन सेकंदांचे चार करायचे. मी अंतर वाढवलं की त्या जागेत कोणीतरी घुसायचं, मग पुन्हा मागे सरायचं, पुन्हा एकशे एकपासून. घरी पोचायला वीस मिनिटं जास्त लागली.

"ट्रॅफिक होतं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही, मोजत आले."