ते बटण मी का काढलं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. याआधी अनेकदा दोन ओळींत उत्तर दिलं, आणि प्रत्येक वेळी त्यातून नवा गैरसमजच निघाला. प्रश्न असा असतो: 'पाथ ऑफ एक्झाइल' या ऑनलाइन गेमसाठी मी ब्राउझरमध्ये चालणारा जो स्किल ट्री प्लॅनर बनवलाय, त्यात पूर्वी 'मार्ग आखूड करा' असं बटण होतं. ते कुठे गेलं? आणि त्याच्याही पुढे जाऊन, सगळ्यात चांगलं झाड आपोआप लावून देणारं बटण का नाही? (झाड म्हणजे कॅरॅक्टरच्या क्षमतांचं जाळं. एकेक पॉइंट देऊन त्यातला एकमेकांना जोडलेला एकेक ठिपका, म्हणजे नोड, घ्यायचा.)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, ते सोपं आहे. 'कॉम्प्युटरला काय अवघड आहे' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता खरोखर त्रास होतो. अवघड आहे. एका नोडपर्यंतचा जवळचा रस्ता काढणं अवघड नाही. शेजारी, मग शेजाऱ्यांचे शेजारी, असं पसरत गेलं की सापडतो. माउस नेल्यावर तो रस्ता उजळतो, तो असाच. पण पंधरा-वीस ठरावीक नोड कमीत कमी पॉइंटांत एकमेकांना जोडायचे म्हटलं की तो स्टायनर ट्रीचा प्रश्न होतो. रिचर्ड कार्प यांनी 1972 साली ज्या 21 अवघड प्रश्नांची यादी दिली, त्यात तो आहे. तेराशेहून जास्त नोडच्या झाडावर आपण बऱ्यापैकी जवळ जाऊ शकतो, पण 'हेच सर्वांत कमी' अशी खात्री प्रत्येक क्लिकला देणं ही वेगळी गोष्ट.

आणि हे जमलं तरी ते फक्त 'कमी पॉइंट' झालं. 'चांगलं' म्हणजे काय, हे कोण ठरवणार? अंगावर आधीच 300 टक्के 'इन्क्रीज्ड' डॅमेज असेल, तर झाडावरचे आणखी 20 टक्के प्रत्यक्षात पाचच टक्के वाढ देतात, कारण ते सगळे आधी एकत्र बेरजेत जातात. तेच 20 टक्के 'मोअर' असतील तर पूर्ण लागू होतात. म्हणजे एकाच नोडची किंमत तुमच्या हातातल्या शस्त्राप्रमाणे बदलते. 'पाथ ऑफ बिल्डिंग' हा याच गेमसाठीचा वेगळा प्रोग्रॅम हे हिशेब करतो आणि नोडना रंग लावून दाखवतोही. पण कशाचा हिशेब मांडायचा, हे तिथेही आधी तुम्हीच निवडता. झाड तो स्वतःहून बदलत नाही.

इथपर्यंत कुणालाही पटतं. मग लगेच विचारतात, 'ठीक, पण आखूड करणारं बटण तर चालत होतं ना?'

हो, चालत होतं. नीट चालत होतं. त्यात बग नव्हता, हे मी आजही ठामपणे सांगतो.

माझा एक मित्र आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही बरीच वर्षं एकत्र खेळलो. तो फक्त हार्डकोर खेळायचा, म्हणजे कॅरॅक्टर एकदा मेलं की हार्डकोरमधून कायमचं बाहेर, आणि त्याचं झाड नेहमी विचित्र दिसायचं. ज्या लीगबद्दल, म्हणजे गेमच्या काही महिन्यांच्या हंगामाबद्दल, बोलतोय, त्यात त्याचं कॅरॅक्टर 93 व्या लेव्हलवर होतं. नव्वदीनंतर एकेक लेव्हल किती वेळ खाते, हे तुम्हाला माहीत आहे. मी ते बटण नुकतंच बसवलं होतं आणि त्याला म्हटलं, तुझी लिंक टाकून बघ. बटण दाबल्यावर झाड बदलायचं आणि वर एक पट्टी यायची. त्याच्या झाडावर पट्टी आली: '3 पॉइंट वाया'.

तो शब्द मी लिहिला होता. वाया.

त्याचा जुना रस्ता स्ट्रेंग्थच्या सहा छोट्या नोडवरून जायचा, प्रत्येकी 10. नवा रस्ता इंटेलिजन्सच्या बाजूने तीनच नोडांत तिथेच पोहोचायचा. त्याने मला विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "अरे, हिशेब समोर आहे." त्याने ऑर्ब ऑफ रिग्रेट वापरून सहा नोड काढले, नवा रस्ता घेतला आणि वाचलेले तीन पॉइंट लाइफच्या नोडमध्ये घातले. त्याची स्ट्रेंग्थ 245 होती, ती 185 झाली. चिलखताला 180 लागायची. सगळं चालू होतं. माझ्या हिशेबाने तो आधीपेक्षा मजबूत झाला होता.

चार दिवसांनी त्याला चांगलं ॲम्युलेट मिळालं. जुन्यावर 35 स्ट्रेंग्थ होती, नव्यावर नव्हती. 185 मधून 35 गेले, राहिले 150. चिलखत अंगावर लाल होऊन बसलं आणि त्याच्यावरचं काहीच लागू होईना. त्यावरचं 110 लाइफ गेलं, आगीचा रेझिस्टन्स 75 वरून 40 वर आला. आगीचा जो घाव आधी 25 टक्के लागायचा, तो आता 60 टक्के लागणार होता. त्याच्या ते लक्षात आलं नाही. ॲम्युलेट घातलं आणि पुढचा मॅप उघडला. मी तेव्हा व्हॉइसवर होतो. तो बोलता बोलता थांबला. मला वाटलं नेट गेलं.

मग मला काय वाटलं, तेही सांगतो, कारण ते बोलल्याशिवाय हे लिखाण खोटं होईल. सगळ्यात आधी मला वाटलं, यात माझी चूक नाही. ॲम्युलेट त्याने बदललं. लाल रंग स्क्रीनवर होता. बटणाने ॲम्युलेटला हात लावला नव्हता. हे सगळं खरं होतं, आणि मी ते त्याला तेव्हाच बोलूनही दाखवलं. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फक्त जुनी लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "तो रस्ता मी मुद्दाम लांबून नेला होता. ॲम्युलेट कधीही बदलता यावं म्हणून."

मी आकडे मांडले. 245 मधून 35 गेले की 210. चिलखताला 180. जुन्या झाडावर काहीच झालं नसतं.

म्हणजे ते तीन पॉइंट कामाला लागलेले होते. ते काम माझ्या प्लॅनरला दिसत नव्हतं, कारण लिंकमध्ये ते नसतंच. लिंकमध्ये काय असतं? आवृत्ती, क्लास, ॲसेंडन्सी (क्लासची पुढची शाखा) आणि प्रत्येक नोडसाठी दोन बाइटचा एक आकडा. पूर्ण भरलेलं साधं झाड चारशेच्या आत अक्षरांत मावतं. 2020 मध्ये झाडाला नवे नोड जोडणाऱ्या क्लस्टर ज्वेल आल्या तेव्हा त्यांचे आकडे दोन बाइटांत बसेनात, म्हणून लिंकची रचना वाढवावी लागली. मी ती वाढवली आणि फार अभिमानाने वाढवली, कारण मला वाटायचं की झाड म्हणजे हे आकडे. कोणता नोड का घेतला, याच्यासाठी त्यात एकही बाइट नव्हता. त्याची कमतरताही मला कधी भासली नव्हती.

बटण मी त्याच रात्री काढलं. तो त्या लीगमध्ये पुन्हा आला नाही.

आता तुमचा पुढचा मुद्दा, तोही मला पाठ आहे: 'मग बटणाबरोबर सूचना दाखवा, ॲट्रिब्यूट, म्हणजे स्ट्रेंग्थ वगैरे, किती कमी होतील ते लिहा.' अंगावरचं सगळं सामान प्लॅनरला सांगितलं तर 'आत्ता चालेल की नाही' एवढं कळेल. त्याच्या बाबतीत आत्ता चालतच होतं. चार दिवसांनी मिळणारं ॲम्युलेट कुठल्या रकान्यात भरायचं?

पण त्या वेळचा मी, ज्याने ते बटण बांधलं, तो काही मूर्ख नव्हता. त्याचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. तो म्हणायचा, नवा खेळाडू हे झाड पहिल्यांदा उघडतो आणि बंद करतो. त्याला कुणीतरी रस्ता दाखवायला हवा. एका मुलीने मला लिहिलं होतं की बटण होतं म्हणून तिने पहिलं कॅरॅक्टर शेवटपर्यंत नेलं. आधी तिचे पॉइंट उगाच गोल गोल फिरत असायचे. तिच्या झाडावर ते खरोखरच उगाच होते. एका अनुभवी माणसासाठी मी ते तिच्यासारख्या सगळ्यांकडून काढून घेतलं, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आणि माउस नेल्यावर जवळचाच रस्ता उजळतो, तो का ठेवला, यालाही नाही. मी स्वतःला सांगतो की तिथे निदान क्लिक तुम्ही करता. तसं तर बटणही त्यानेच दाबलं होतं.

सध्या प्लॅनरमध्ये दोन झाडं शेजारी ठेवून फरक बघता येतो. प्रत्येक नोडवर चिठ्ठी लिहायची सोय दिली आहे. त्यामुळे लिंक लांबलचक होते, आणि त्याबद्दलही तक्रारी येतात. ती सोय मी काढणार नाही.

बटणाचा कोड मी पुसलेला नाही. मागच्या महिन्यात माझ्या मशीनवर तो चालू केला आणि मित्राची जुनी लिंक टाकली. पट्टी आली. 'वाया' काढून मी तिथे 'कमी लागतील' लिहून बघितलं, मग 'वाचतील', मग नुसतंच '3'. एकही ठीक वाटला नाही, आणि मी टॅब बंद केला.