फेन्ट ते फेर्नाग्ट: ओत्झीची खिंड आणि तिच्या खालची हिरवळ

ऑस्ट्रियातल्या फेन्टला (1895 मी.) बसमधून उतरल्या उतरल्या मी दादाला म्हणाले, "इथे माणसाचा हातच लागलेला नाही रे!" पुढचे दोन दिवस या एका वाक्यावरून त्याने माझी यथेच्छ फिरकी घेतली.

ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ओत्झटाल पर्वतात लोक येतात ते ओत्झीसाठी. 19 सप्टेंबर 1991 रोजी एका गिर्यारोहक जोडप्याला टिझेनयोख खिंडीजवळ (3210 मी.) वितळत्या बर्फात त्याचं शव दिसलं. सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, खांद्यात बाणाचं टोक. आम्हीही त्याच्याचसाठी गेलो होतो. पण घरी येताना डोक्यात राहिलं ते गवत.

फेन्टहून निडरटाल दरीत शिरलं की थोड्या वेळात होलर श्टाइन लागतो. नावाचा अर्थ 'पोकळ दगड'. एक अवाढव्य धोंडा आणि त्याच्या पोटाखाली आडोसा. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी शिकारी इथे मुक्काम करत. उत्खननात चुलींच्या खुणा आणि चकमकीच्या दगडाची हत्यारं मिळाली. बरेच जण इथे न थांबता पुढे जातात. तुम्ही थांबा. आत बसलं की वारा एकदम तुटतो, आणि जागा का निवडली ते आपोआप कळतं.

शिकारी आले आणि गेले, डोंगर बदलला तो पुढे, जनावरं चरायला आल्यावर. या भागात आर्व्ह पाइनचं जंगल 2200 मीटरच्याही वर जाऊ शकतं. आजच्या वृक्षरेषेच्या वरच्या दलदलींत जुनी खोडं पुरलेली सापडतात. हवामान गार झालं हे एक कारण आहेच. पण त्याच दलदलींच्या थरांत कोळशाचे कण सापडतात, आणि झाडांचे परागकण घटून चराईची खूण मानल्या जाणाऱ्या वनस्पतींचे वाढत जातात. लोकांनी रान जाळलं, झाडं तोडली, आणि नवीन रोपं मेंढ्यांनी डोकं वर काढू दिली नाहीत. फोटोत 'अस्पर्श' म्हणून मिरवते ती हिरवळ म्हणजे हजारो वर्षांचं कुरण आहे.

ओत्झी मेंढपाळ होता असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. खिंडीपलीकडे, इटलीच्या बाजूला असलेल्या श्नाल्स दरीतल्या अलीकडच्या संशोधनाने त्यावर पाणी ओतलंय: तिथे उंचावरच्या नियमित चराईचे पुरावे मिळतात ते कांस्ययुगापासून, इसवी सनपूर्व 1500च्या आसपासचे. म्हणजे ओत्झी मेला तेव्हा हे कुरण बहुधा व्हायचंच होतं. मला तरी हे मेंढपाळाच्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक वाटलं.

वाटेत मेंढ्या कोंडायच्या एका पडक्या दगडी वाडग्यात आम्ही डबा उघडला. आजूबाजूला सगळं आखूड, राठ गवत, आणि वाडग्याच्या आत मात्र गुडघाभर रुंद पानं. ती आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली. लेंड्यांचं खत जिरलेल्या जमिनीत ही वनस्पती फोफावते, आणि वाडगा ओस पडला तरी वर्षानुवर्षं हटत नाही. राठ गवत शिल्लक राहतं कारण मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत. मग आम्हाला खेळच सापडला: भिंत दिसण्याआधी पानांवरून वाडगा ओळखायचा. दादा हरला.

आणि हे सगळं संपलेलं नाही. जूनच्या मध्यात श्नाल्सचे मेंढपाळ हजारो मेंढ्या खिंडी ओलांडून फेन्टच्या बाजूला आणतात, सप्टेंबरच्या मध्यात परत नेतात. या चराईच्या हक्कांचा 1415 सालचा दस्तऐवज आहे. मधली सीमा त्यामानाने कालची. तारखा जुळल्या तर तेव्हाच जा. आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलो आणि फक्त लेंड्या पाहिल्या.

आता कामाचं. म्युनिककडून इन्सब्रुकमार्गे ओत्झटाल स्टेशन, तिथून झोल्डनवरून फेन्टची बस. पहिल्या दिवशी मार्टिन-बुश-हुटेपर्यंतच (2501 मी.; हुटे म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) चढा, अडीच-तीन तास. मी थेट सिमिलाउनहुटेपर्यंत (3019 मी.) जायचा हट्ट धरला आणि रात्रभर डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवशी सिमिलाउनहुटेहून टिझेनयोख तासाभराचा: धोंड्यांचे ढीग, काही ठिकाणी लोखंडी दोर, हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचे पट्टे. ढग उतरायला लागले तर सोडून द्या. वर एक दगडी स्तंभ आहे, तो कुठे पळून जात नाही.

हुटेत जागा आधी राखून ठेवा. रोख पैसे आणि झोपायची पातळ कापडी पिशवी सोबत हवी. शाकाहारी असाल तर चीज घातलेलं स्पेट्झले (अंडं घालून केलेल्या आखूड नूडल्स) मिळतं. तिखट लागत असेल तर चटणीची पुडी खिशात ठेवा.

इटलीच्या बाजूला फेर्नाग्टपर्यंतचा उतार तेराशे मीटरचा आहे. काठ्या नसतील तर गुडघे तुम्हाला शिव्या देतील. खाली तलावाशी बस मिळते. पुढे बोल्झानोच्या संग्रहालयात उणे 6 अंशांत ठेवलेला ओत्झी छोट्याशा खिडकीतून पाहता येतो. तिकीट आधी काढा आणि जुलै, ऑगस्ट, डिसेंबर सोडून सोमवार टाळा. आम्ही सोमवारीच पोचलो, दार बंद, त्यामुळे त्याचं दर्शन मंगळवारी, दादाची रजा एक दिवस वाढवून.