सातबाऱ्यावरची एकोणीस नावं आणि माझं सव्वा लाखाचं कर्ज

लॅब टेक्निशियन व्हायचं हे माझं बारावीतच ठरलं होतं. प्रश्न होता पदवी करायची की डिप्लोमा. मुंबईतलं पदवीचं कॉलेज वर्षाला एक लाख फी सांगत होतं, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. कोल्हापूरचा दोन वर्षांचा डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, वर्षाला साठ हजारांत होत होता. घरात सगळ्यांचं मत एकच, "डिग्री ती डिग्री." मग मी वही घेऊन बसले.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. व्याज मात्र पहिला पैसा उचलला त्या दिवसापासून चढतं. हिशोबाला १० टक्के धरले. पदवीचे तीन लाख दरवर्षी एक-एक करून उचलायचे, हप्ता सुरू होणार पाचव्या वर्षानंतर. तोवर सरळ व्याजानेच १ लाख २० हजार चढलेले. म्हणजे ४ लाख २० हजार, सात वर्षं, महिना जवळपास ७,००० रुपये. डिप्लोमाचं कर्ज १ लाख २० हजार. शिकतानाच व्याज भरत राहिलं तर नंतर पाच वर्षं महिना साधारण २,५५०.

आता पगार. कणकवली आणि रत्नागिरीतल्या चार लॅबमध्ये मी स्वतः जाऊन विचारलं. नवीन पोरीला बारा-तेरा हजार, पदवी असेल तर हजार-दीड हजार वर. मुंबईत अठरा-वीस मिळतात, पण खोली आणि मेस त्यातले निम्मे खाते. रक्तपेढीच्या कायद्यातला फरक बघून तर मला हसूच आलं: टेक्निशियन म्हणून पदवीवाल्याला सहा महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला एक वर्षाचा. त्या सहा महिन्यांसाठी तीन लाख? डिप्लोमा ठरला. (पुढे शिकवायला जायचं असेल तर पदवीच घ्या, तो हिशोब वेगळा.)

उत्पन्नाचा दाखला, प्रवेश, हॉस्टेल हे सगळं पटापट झालं. अडलं ते बँकेत.

जुलै २०२२. आमच्या बाजारपेठेतल्या शाखेतले साहेब म्हणाले, "कॉलेज कोल्हापूरला ना? मग तिकडच्या शाखेत जा." भर पावसात एसटीने घाट चढून कोल्हापूरला गेले. तिथल्या मॅडमनी आधार कार्ड बघितलं. "घर देवगडला आहे, तिकडेच करा." परत घरी. या दोन फेऱ्यांत नऊ दिवस गेले. कॉलेजचा पहिला हप्ता तीस हजार, त्यासाठी आईची चेन सोसायटीत गहाण पडली.

तिसऱ्या खेपेला आमच्या साहेबांनी सातबारा मागितला. आता कोकणातला सातबारा म्हणजे काय ते कोकणी माणसाला सांगायला नको. आमच्या आंब्याच्या कलमांच्या उताऱ्यावर एकोणीस नावं. दोघं वारलेले, त्यांची वारस नोंद नाही. बाकीचे बरेचसे मुंबईत. साहेब म्हणाले, "सगळ्यांची संमती आणा." बाबांनी परळच्या काकांना फोन लावला. तिकडून प्रश्न आला, "सही कित्याक होयी? जमीन इकतंस की काय?" बाबांनी फोन ठेवला आणि दोन दिवस माझ्याशीही धड बोलले नाहीत.

शेवटी गणपतीची वाट बघितली, कारण त्याच वेळी सगळे गावात असतात. आरती झाली की मी कागद घेऊन उभी. कोणी मोदक खाऊन सही केली, कोणी "उद्या बघूया" म्हणत गौरी-विसर्जनापर्यंत ताटकळवलं. चौदा सह्या झाल्या. उरलेल्या पाच कधीच होणार नव्हत्या.

हे सगळं वाडीतल्या एका निवृत्त बँकवाल्या आजोबांना सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. "चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतच नाही. आणि घर आमच्या हद्दीत नाही म्हणून अर्ज परत पाठवायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलंय. तू तोंडी काय विचारत बसलीस?" त्यांनीच चार ओळींचा अर्ज लिहून दिला: सातबारा कोणत्या नियमाने हवा ते कळवावे, अर्ज नाकारत असल्यास कारण लेखी द्यावे. दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घेतली. शिक्का मारताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाचव्या दिवशी शाखेतून फोन आला, "मॅडम, सह्या करायला या." जुलैपर्यंत मी "ए पोरी" होते.

एक सांगायचं राहिलं. शैक्षणिक कर्जासाठीच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवरही अर्ज भरून ठेवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मी तो भरला सप्टेंबरात, सगळं होत आल्यावर. मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत बऱ्याच बँका देतात, ती मागून घ्यायची, आपणहून कोणी सांगत नाही. आणि कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी त्या सर्टिफिकेटवर राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का ते बघा. आमच्या तालुक्यातच एक जण दोन खोल्यांत वीस हजारांत "डीएमएलटी" देत होता. मी विचारल्यावर त्याने चहा मागवला, उत्तर दिलं नाही.

शिकताना पहिल्या वर्षी महिना ५०० आणि दुसऱ्या वर्षी १,००० व्याज बाबा भरत होते. आता मी कणकवलीत तेरा हजारांवर लागले आहे, हप्ता माझ्या खात्यातून जातो. कर्ज मंजूर झाल्यावर कॉलेजची पावती दाखवून भरलेली फी परत मिळाली, तेव्हा पहिल्यांदा आईची चेन सोडवली. संमतीचा तो कागद अजून कपाटात आहे, चौदा सह्यांसकट. परळचे काका दर गणपतीत विचारतात, त्या कागदाचा पुढे काय केलात.