राजू, मीना आणि कीथ हॅरिंग

परवा एका गडावर गेलो होतो, कुठला ते सांगत नाही कारण कुठलाही धरा, तेच आहे. दरवाज्यातून आत शिरलं की देवडीच्या दगडावर कोणीतरी खिळ्याने की कशाने कोरून ठेवलंय, राजू, मीना, मध्ये बदाम, बदामात बाण. मी दोन शिव्या हासडल्या तर सोबतचा मित्र म्हणतो, का रे, तू तर ग्राफिटीला, म्हणजे भिंतींवर न विचारता लिहिण्या-रंगवण्याला, कला म्हणत फिरतोस ना, मग हा राजूपण कलाकारच की. गड उतरेपर्यंत मला काही उत्तर सुचलं नाही आणि नंतर दोन दिवस डोक्यात तेच.

कारण ज्या पोराच्या बातमीनंतर न्यूयॉर्कमध्ये ग्राफिटीची लाट आली त्याने तरी दुसरं काय केलं होतं? टाकी १८३ असं लिहायचा तो (हो, मलापण गच्चीवरची पाण्याची टाकीच दिसते). टाकी हे लाडाचं नाव, १८३ हा राहत्या रस्त्याचा नंबर. निरोप, पाकिटं पोचवायचं काम, त्यामुळे शहरभर फिरणं, आणि जाईल तिथे मार्करने नाव. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि मग काय, गल्लोगल्लीची पोरं आपापलं नाव आणि नंबर घेऊन सुटली. चित्र नाही, संदेश नाही, फक्त मी इथे येऊन गेलो. राजूचं म्हणणंही तेवढंच आहे की.

मला जे सुचलं ते असं, पटलं तर घ्या. वर काय लिहिलंय ते नंतर बघू, आधी खाली काय होतं ते बघा. न्यूयॉर्कची पोरं रंगवायची त्या ट्रेनच्या डब्यावरचा रंग धुता येतो, त्यावर दुसरा रंग मारता येतो, गडाचा दगड परत आणता येत नाही. आणि दुसरं म्हणजे टाकीनंतरच्या पोरांना लवकरच कळलं की सगळेच नाव लिहायला लागल्यावर नुसत्या नावाकडे कुत्रंही बघत नाही, म्हणून त्यांनी अक्षरं फुगवली, वाकवली, एकमेकांत गुंतवली, पार डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. राजू अजून बदामावरच अडकलाय.

असो, राजू पुरे. मला खरं लिहायचंय ते कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराबद्दल.

हा १९७८ मध्ये न्यूयॉर्कला आर्ट स्कूलमध्ये शिकायला आला. तिथल्या सबवेच्या, म्हणजे जमिनीखालच्या रेल्वेच्या, स्टेशनांवर जाहिरातींच्या चौकटी असायच्या, जाहिरातीची मुदत संपली की तिच्यावर काळा कागद चिकटवून ठेवायचे, नवीन जाहिरात येईपर्यंत. १९८० मध्ये याला असा एक कागद दिसला आणि हा पठ्ठ्या वर रस्त्यावर गेला, पांढरा खडू घेऊन परत आला आणि चित्र काढलं. पुढची पाच वर्षं हेच, हजारो चित्रं. रांगणारं बाळ आणि त्याच्याभोवती किरणं, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसं. त्याची ती एकसंध जाड रेघ आपण टीशर्टांवर इतक्यांदा बघितलीये की ती आली कुठून हे डोक्यातच येत नाही. ती आली घाईतून. पोलीस यायच्या आत संपवायचं, आणि कागदावर खडू पुसायला गेलं की नुसतं फरफटतं, म्हणजे पहिली रेघ तीच शेवटची. पकडलापण गेला अनेकदा. खडूने चित्र काढलं म्हणून बेड्या!

मग १९८२ मध्ये टोनी शाफ्राझीच्या गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं. हा शाफ्राझी म्हणजे १९७४ मध्ये ज्याने म्युझियममध्ये जाऊन पिकासोच्या ‘गेर्निका’ या प्रसिद्ध युद्धविरोधी चित्रावर लाल स्प्रे मारला होता तोच. पुढे गॅलरीवाला झाला. असल्या गोष्टी कोणी कथेत लिहिल्या तर आपण म्हणू जरा जास्तच झालं.

तर प्रदर्शन गाजलं, किंमती चढल्या, आणि स्टेशनांवरचे कागद गायब व्हायला लागले. हॅरिंग चित्र काढून पुढच्या स्टेशनला जातो न जातो तोवर मागून कोणीतरी अख्खा कागद सोलून न्यायचं, विकायला. जे चित्र येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी होतं ते आता एकाच्या घरी. १९८५ च्या सुमारास त्याने हे थांबवलं. म्हणजे पोलिसांना जे जमलं नाही ते भावाने केलं, बाजारभावाने. आणि १९८६ मध्ये त्याने स्वतःच पॉप शॉप नावाचं दुकान काढलं, टीशर्ट, बिल्ले, पोस्टर, स्वस्तात. लोक म्हणाले विकला गेला. मला नाही तसं वाटत, पण ते बाळ तेव्हापासून चित्र कमी आणि लोगो जास्त झालं हेही खरं. आणि त्याच वर्षी याच माणसाने हार्लेममध्ये एका हँडबॉल कोर्टाच्या भिंतीवर ‘क्रॅक इज वॅक’ हे ड्रग्जविरोधी भित्तिचित्र काढलं, ना परवानगी, ना काही, पोलिसांनी पकडलंच. एवढं नाव झाल्यावरही शिडी घेऊन चोरून भिंत रंगवायला जाणारा माणूस आतून संपला असं मी तरी म्हणणार नाही.

यशाने नक्की काय होतं ते मला थोडंसं माहितीये, हसू नका. आमच्या शाळेत दारासमोर दर्शनी फळा होता, रोज सुविचार, दिनविशेष आणि कोपऱ्यात एक चित्र, आठवीपासून ते काम माझ्याकडे आलं. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत संपवायचं. खडू ओला करून घासला की रंग गडद बसतो हे मला तिथेच कळलं. काय वाट्टेल ते काढायचो, एसटी, विहिरीवरचा पंप, आमच्या गणिताच्या सरांची स्कूटर. संध्याकाळी शिपाईकाका ओलं फडकं मारायचे आणि संपलं. मग तालुक्याच्या फलकलेखन स्पर्धेत मी मोर काढला आणि पहिला नंबर आला. झालं. प्रजासत्ताक दिन, मोर. गॅदरिंग, मोर. तपासणीला साहेब येणार, मोर. जबरदस्ती कोणीच केली नाही हो, सगळे प्रेमाने म्हणायचे तुझा तो मोर काढ ना, आणि मलाही बरं वाटायचं. शेवटी शेवटी पिसांवरचे डोळे मी गप्पा मारत काढायचो, फळ्याकडे न बघता.

त्यामुळे हॅरिंगच्याच काळातला न्यूयॉर्कचा चित्रकार बास्किया, त्याची गोष्ट लोक ज्या पद्धतीने सांगतात ती मला पटत नाही. भिंतींवर सेमो नावाने तिरकस वाक्यं लिहिणारा पोरगा, अचानक पैसा आला आणि १९८८ मध्ये २७ व्या वर्षी गेला, म्हणजे बघा यशाने मारलं. अहो, त्याला हेरॉइनने मारलं. आणि त्याचं जे चित्र २०१७ च्या लिलावात अकरा कोटी डॉलरच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ११ कोटी ५ लाखांना गेलं ते १९८२ चं, म्हणजे ज्या काळात पैसा नुकताच यायला लागला होता तेव्हाचं. पैशाने हात थांबला नव्हता, उलट पेटला होता. जे हरवलं ते वेगळं, भिंतीवर लिहिताना कोण वाचणार हे त्याला माहीत नसायचं, कॅनव्हासच्या वेळी माहीत असायचं.

हॅरिंगपण लवकर गेला, १९९० मध्ये, एड्सने, ३१ वर्षांचा. आणि एक गोष्ट मला राहून राहून टोचते. स्टेशनांवर जी चित्रं तशीच राहिली त्यांच्यावर पुढच्या जाहिराती चिकटल्या आणि ती गेली. आज त्यातली जी काही मूळ चित्रं बघायला मिळतात ती कोणीतरी सोलून नेली म्हणून. ज्या चोरांनी त्याचं काम बंद पाडलं त्यांनीच ते वाचवलं.

माझ्या फळ्यावरचं काही कोणी सोलून नेण्यासारखं नव्हतं. स्कूटर गेली, पंप गेला, एसटी गेली. गेल्या वर्षी आईने कपाट आवरताना शाळेचा एक फोटो काढून दिला, फळ्यासमोर मी, शेजारी हार घातलेले साहेब. मागे मोर.