कँटरबरीच्या वाटेवरचं चिल्हम

इंग्लंडमधल्या कँटरबरीची वारी मुकी असते. नानांना ते सहन होईना. बॉटन लीज गाव मागे पडलं आणि त्यांनी ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ सुरू केलं. नाना म्हणजे माझे काका, निवृत्त ग्रामसेवक.

आर्चबिशप थॉमस बेकेटचा २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये खून झाला. ११७३ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं आणि लोक चालत येऊ लागले. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये समाधी उखडली, पण वाट राहिली. जुने यात्रेकरू नेमके इथूनच जात का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आम्ही त्यात पडलो नाही.

किंग्ज वुडचं रान संपल्यावर चिल्हम गाव लागतं. मधोमध चौक, भोवती लाकडी चौकटींची वाकलेली घरं, एका टोकाला सेंट मेरी चर्च आणि दुसऱ्या टोकाला गढीचं फाटक. गढीतला जुना बुरूज दुसऱ्या हेन्रीच्या काळातला, ११७४ च्या सुमाराचा. बेकेटचा खून याच राजाच्या सरदारांनी केला होता आणि ११७४ मध्येच प्रायश्चित्त म्हणून तो कँटरबरीत अनवाणी चालला. शेजारचा वाडा १६१६ चा, सर डडली डिग्जचा. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराची तरफदारी करणारी पुस्तिका लिहून मोकळे झालेले. नानांनी वाड्याकडे जरा रोखूनच पाहिलं.

“पण गाव चालवतं कोण?” त्यांचा खरा प्रश्न हा.

चर्चच्या बाकावर डबा उघडला आणि मी सांगू लागलो. पूर्वी गावकीचा कारभार चर्चमध्ये जमणाऱ्या ‘व्हेस्ट्री’ नावाच्या सभेकडे असे. रस्ते दुरुस्त करायचे, १६०१ च्या कायद्याप्रमाणे कर काढून गरिबांना पोसायचं, सगळं तिथेच ठरे. १८३४ मध्ये गरिबांचं काम अनेक गावं मिळून केलेल्या संघाकडे, ‘युनियन’कडे गेलं. १८९४ च्या कायद्याने निवडून आलेली पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत आली आणि कारभार चर्चपासून सुटला. त्या निवडणुकीत बायकांना, अगदी लग्न झालेल्यांनाही, मत देता येई आणि उभंही राहता येई. पार्लमेंटसाठी त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं.

“सरपंच?”

“थेट निवडून येत नाही. सदस्य दर मे महिन्यात आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात.”

“आणि ग्रामसेवक?”

“क्लार्क असतो. त्याला कौन्सिलच नेमते आणि पगारही तीच देते.”

नानांचा घास हातातच राहिला. “म्हणजे जिल्हा परिषदेचा नाही? मग बदली कोण करणार?”

बदलीच नाही, हे त्यांना बराच वेळ पटेना. अधिकार मात्र तुटपुंजे. बांधकामाच्या अर्जावर कौन्सिल फक्त मत कळवते, निर्णय तालुक्यासारख्या ॲशफर्ड बरो कौन्सिलचा. शाळा आणि मोठे रस्ते केंट कौंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे. गावाच्या वाट्याचा पैसा बरो कौन्सिलच घरपट्टीसारख्या ‘कौन्सिल टॅक्स’बरोबर गोळा करून देते.

पुढची वाट थेट उभ्या गव्हातून गेली. रुंदी जेमतेम एका माणसाची, दोन्ही बाजूंनी ओंब्या कमरेला घासत होत्या. “शेतकरी काठी घेऊन येईल,” नाना कुजबुजले. तो येत नाही, कारण पायवाट नकाशावर नोंदलेली आहे. १९४९ च्या कायद्यानंतर कौंट्यांनी हे नकाशे केले, तेव्हा कुठली वाट वहिवाटीची हे ठिकठिकाणच्या पॅरिश कौन्सिलांनी पायी फिरून नोंदवलं. माझ्या मते कँटरबरीच्या वारीवर कुठल्याही बिशपपेक्षा या मंडळींचे उपकार जास्त आहेत.

चार्टम हॅचपुढे नो मॅन्स ऑर्चर्ड लागते, ब्रॅम्ली सफरचंदांची जुनी बाग. ती दोन गावांच्या शिवेवर आहे आणि मालकीही दोन्ही पॅरिश कौन्सिलांची.

“आणि कौन्सिलचे हिशेब?”

“दरवर्षी कामकाजाचे तीस दिवस लोकांसाठी खुले ठेवावे लागतात. मतदाराला हरकतही घेता येते.”

“मग हरकती इथेही येतच असणार,” नाना समाधानाने म्हणाले आणि हार्बलडाऊनच्या दिशेने झपाझप चालू लागले.