हेड न उतरवता व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलायचे तर

घाट उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर, किंवा रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की पहिला भपका निळा. अशा वेळी बहुतेकदा व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेले असतात. स्प्रिंग थकली असेल तर लक्षण वेगळे असते, इंजिन जास्त फेऱ्यांना अडखळते. दोन्हीसाठी काम मात्र एकच: स्प्रिंग दाबा, दोन लॉक (स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवून ठेवणारे अर्धगोल तुकडे) काढा, स्प्रिंग उचला. स्प्रिंग निघतेच आहे तर सीलही बदलून टाका, त्यांची किंमत किरकोळ असते.

आधी कंप्रेशन तपासा. एखाद्या सिलिंडरचे खूप कमी असेल आणि व्हॉल्व्हच गळत असेल, तर हा खटाटोप करू नका. मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवलेलेच बरे. स्प्लेंडरसारख्या बाइकचे हेड तर इतके पटकन उतरते की ते टेबलावर घेऊन सी-क्लॅम्पने स्प्रिंग दाबणेच सोयीचे.

हेड जागेवर असताना खरी अडचण एकच. लॉक निघाले की व्हॉल्व्हला धरणारे काही उरत नाही आणि तो सिलिंडरात पडतो. त्याला वर धरायचे दोन मार्ग आहेत.

पहिला हवेचा. कंप्रेशन गेजची स्पार्क प्लगच्या भोकात बसणारी नळी घ्या, तिच्या टोकातली छोटी एकेरी झडप काढा (ती राहिली तर हवा आत जाणारच नाही) आणि कंप्रेसरची हवा जोडा. ५ ते ६ बार पुरते. गाडीच्या सॉकेटवर चालणारा टायरचा पंप इथे निकामी, कारण पिस्टनच्या रिंगांमधून जेवढी हवा गळते तेवढीसुद्धा तो भरून काढत नाही. धोका पिस्टनचा आहे. मारुती ८०० च्या जुन्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८.५ मिमी, म्हणजे ६ बारला पिस्टनवर सव्वादोनशे किलोच्या आसपास जोर येतो. पिस्टन टीडीसीपासून (त्याच्या सर्वांत वरच्या जागेपासून) जरा जरी सरकलेला असेल तर क्रँक झटक्यात फिरतो, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना राहिला असेल तर तोही. पाना आधी काढा, गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा.

दुसरा दोरीचा, आणि घरी काम करणाऱ्याने हाच धरावा. ६ ते ८ मिमी जाडीची नायलॉन दोरी मीटर-दीड मीटर घ्या, एक टोक वितळवून बंद करा, दुसऱ्याला बाहेर राहील अशी गाठ मारा. सुतळी नको, तिचे तंतू आत सुटतात. व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन टीडीसीच्या बराच खाली ठेवून दोरी प्लगच्या भोकातून आत कोंबा. मग क्रँक हाताने सावकाश फिरवा. दोरी पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या मध्ये दाबली जाऊन क्रँक अडतो, तिथे थांबा. कॅमशाफ्ट काढला असेल आणि इंजिन चेनचे असेल, तर चेन तारेने ताणून बांधलेली हवी, नाहीतर ती खाली घसरते.

स्प्रिंग दाबण्यापूर्वी हेडमधले तेल उतरण्याचे प्रत्येक भोक आणि चेनची पोकळी चिंध्यांनी बुजवा. या कामात सर्वांत जास्त वेळ खाते ते हरवलेले लॉक शोधणे. मग रिटेनरवर (स्प्रिंगच्या माथ्यावरच्या वाटीवर) सॉकेट ठेवून हातोडीने एक हलका ठोका द्या. वर्षानुवर्षे बसलेले लॉक निमुळत्या भोकात आवळलेले असतात. ते सुटलेच नाहीत तर दाबयंत्राचा सगळा जोर व्हॉल्व्हवर येतो, तो उघडतो आणि हवेची पद्धत असेल तर हवा फुस्सकन निघून जाते. ठोक्यानंतर लिव्हरच्या दाबयंत्राने स्प्रिंग दाबा आणि लॉक चुंबकाने उचला.

जुना सील पकडीने पिळून काढा. नवा बसवताना दांड्याच्या खाचेवर पातळ प्लास्टिकची टोपी चढवा, कारण खाचेची धार सीलची कड कापते आणि मग धूर कालच्यासारखाच राहतो. तेल लावा, योग्य मापाच्या खोल सॉकेटने सील सरळ दाबा, ठोकू नका.

जुन्या स्प्रिंगा पुन्हा वापरणार असाल तर व्हर्नियरने मोकळी लांबी मोजून सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. सपाट काचेवर उभी करून गुण्याही लावा, एका बाजूला झुकलेली स्प्रिंग दांडा आणि गाइड घासते. वेटोळी एका टोकाला दाट असतील तर ते टोक खाली, हेडकडे.

लॉक परत बसवताना आतून ग्रीस लावा, म्हणजे ते दांड्याला चिकटून राहतात. दाब सावकाश सोडा. मग दोरी किंवा हवा जागेवर असतानाच दांड्याच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने एक-दोन ठोके द्या. अर्धवट बसलेला लॉक उडायचा असेल तर आत्ताच उडू दे, चेहरा मात्र बाजूला ठेवा.

क्रँक थोडा उलटा फिरवून दोरी ओढून घ्या आणि पुढच्या सिलिंडरकडे वळा. मारुती ८०० चा फायरिंगचा क्रम १-३-२, म्हणजे प्रत्येक पुढच्या सिलिंडरसाठी क्रँक २४० अंश. सगळे झाल्यावर चिंध्या मोजून बाहेर काढा, टायमिंगच्या खुणा जुळवा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडले तर जोर न लावता खुणा पुन्हा पाहा. टॅपेटची फट फीलर गेजने लावल्याशिवाय स्टार्टर मारू नका.